पोट कोणाचं

माझं पोट दर महिन्याला असह्य दुखायचं. पोट उघडून पाहिल्याशिवाय कारण कळणार नाही, असं अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं आमचे यजमान देत, त्यांतली निम्मी चुकीची. मी लाजेने गप्प.

शस्त्रक्रियेचं ठरवायला आम्ही अकोटहून एसटीने निघालो. शेजारी मांडीवर कोंबडी घेतलेली एक थोराड बाई होती. तिने मला दुखणं विचारलं, यांनी सांगितलं. कोंबडी यांच्या हातात देत ती म्हणाली, "पोट कोनाचं दुखून राह्यलं भाऊ, तुमचं का हिचं? इले धरा अन् मांगं बसा."

मग भर गाडीत तिने खणखणीत विचारलं, "बाजूला बसायच्या आधी दुखते का नंतर? परसाकडे जाताना? नवऱ्याजवळ गेल्यावर?" मी मान खाली घालून एकेक उत्तर दिलं.

दवाखान्यात तेच सगळं मी स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी हाताने तपासलं. म्हणाले, "गर्भाशयाचं अस्तर भलतीकडे वाढत असावं. चाकू तूर्त नको, औषध देऊन पाहू."

बाहेर यजमान कंपाउंडरला माझं दुखणं समजावत होते. एकही चूक नव्हती. एसटीत मागच्या बाकावर त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.