सदतीस नंबरचा जॉब

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला ओळखणारा माणूस हे ऐकून हसेल. कुंभार पिंपळगावच्या बाजारात वांगं घेतलं तर घरी येईस्तोवर त्याचा भोपळा करून सांगणारा मी — माझ्या पोटात गोष्ट राहीलच कशी? राहिली. सडली.

माझ्या टेबलावर लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आहे, तळहाताएवढा — वर्कशॉपच्या भाषेत 'जॉब'. आल्यागेल्याला मी त्याची कथा ऐकवतो — इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची, जालना अजून जिल्हा व्हायचा होता तेव्हाची. कानस मारून हाताला लिंबाएवढे फोड! आणि वर्कशॉपच्या सरांनी तो जॉब काय केला? कपाळाला लावला! लोखंड, कपाळाला!

फोड माझे नव्हते. उत्तमचे होते.

गावातून इंजिनिअरिंगला गेलेले आम्ही दोघंच. तो बौद्धवाड्यातला, मी पाटलाच्या घरचा. गावात आमच्या ओसरीवर कधी न चढलेला उत्तम कॉलेजात मला 'दत्त्या' म्हणायचा. मला ते आवडायचं — खरंच आवडायचं.

पहिल्या वर्षी पुस्तकाआधी लोखंड. तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा. सर त्याला गुण्याची काटकोनी पट्टी लावून खिडकीकडे धरत. फटीतून उजेड दिसला की जॉब बाद. जॉब बाद तर टर्म बाद. आणि उत्तमची टर्म बाद म्हणजे स्कॉलरशिप बंद — म्हणजे घरी. तो महिनाभर घासत होता. मी कँटीनमध्ये गोष्टी सांगत होतो.

शेवटच्या दिवशी जॉबवर आपापला रोल नंबर ठोकायचा. आख्ख्या बॅचला आकड्यांच्या पंचांचा — पोलादी ठशांचा — एकच डबा. तो माझ्याकडे आल्ता. उत्तम म्हणाला, "अय दत्त्या, माझ्यावर बी ठोकून ठेव. हात धुऊन आलोच."

त्याच्या जॉबवर मी सदतीस ठोकला — माझा नंबर. माझ्या जॉबवर त्याचा, अडतीस. किती वेळ लागतो? चार घाव.

सरांनी अडतीस खिडकीकडे धरला. "यातून बैलगाडी जाईल रे! सवलतीत घुसायचं अन् हात हलवायचा न्हाई!" पोरं हसली. उत्तमने तुकडा उलटापालटा करून पाहिला. "सर, ह्यो माझा न्हाई."

"मंग कुणाचा?"

त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. सरांनीही. मी म्हणालो, "त्याचाच हाय, सर. माझ्यासमोर ठोकलाय त्यानं नंबर."

सरांचा संताप येतो मला, अजून येतो. पण त्यांना जे आधीच वाटत होतं, ते लोखंडावर ठोकून त्यांच्या हातात कुणी दिलं? मी अठराचा होतो. अठराव्या वर्षी काय दुधाचे दात असतात?

टर्म गेली. उत्तम गेला. तो घनसावंगीत विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो. मी इंजिनिअर झालो, साहेब झालो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीची मोटार चालू करून तो सांगायला घरात आला. बैठकीत पाहुणे होते आणि मी ऐन रंगात — कानस, फोड, सगळं. उत्तमने टेबलावरचा तुकडा उचलला. पिशवीतून गुण्या काढला, लावला, खिडकीकडे धरला. उजेडाची रेघसुद्धा नाही.

"बराबर हाय, साहेब," म्हणाला. होता तिथंच ठेवला, अन् निघून गेला.

पाहुणे म्हणाले, "मंग? पुढं काय झालं?"

आणि मी पुढं सांगितलं — सरांनी तो कपाळाला लावला.