पास झालेला प्रोसेसर

रामराव पिंपळापुऱ्यांना एखादी वस्तू घ्यायची की नाही हे ठरवायला जितका वेळ लागतो, तितक्यात दुसरा माणूस ती घेऊन, वापरून, भंगारात देऊन मोकळा होतो. मी त्यांचा शेजारी. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हे सगळं मला बावीस वर्षं रोज पाहावं लागतं. मी रेल्वेतून निवृत्त झालो, ते वाहनांच्या सरकारी कारखान्यातून. सकाळचा चहा मी त्यांच्याकडे घेतो आणि चहासोबत वादही घालतो.

कारखान्यात रामराव तपासणी विभागात होते. ट्रकचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे आणि ते मापून 'पास' की 'रद्द' हे ठरवायचे. चौतीस वर्षं त्यांनी ट्रकचे भाग मापले, पण ट्रक एकदाही चालवला नाही. त्या विभागाचा नियम होता की कुठलाही तुकडा तडकाफडकी रद्द करायचा नाही. आधी पुसायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग तीनदा मापायचा आणि रजिस्टरात लिहायचं. कारखान्यात हा नियम फार चांगला असेल. रामरावांनी तो घरी आणला. मिक्सर बंद पडला तेव्हा त्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत इंदिरावहिनींनी पंधरा दिवस चटणी खलबत्त्यात कुटली.

यंदा श्रावणात प्रश्न उभा राहिला तो कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा.

हा कॉम्प्युटर त्यांनी मुलासाठी, सुमेधसाठी, तो कॉलेजात गेला तेव्हा घेतला होता. अभ्यासाला लागतो म्हणून त्यानं चांगला दणकट, गेम खेळण्याजोगा मागून घेतला आणि गेमच खेळला. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. रामरावांनी कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत कुलपात ठेवला. त्यानंतर बापलेकांत बोलणं असं उरलंच नाही. सुमेध जेवताना काही सांगायला लागला की रामराव अर्ध्या ताटावरून हात धुवायला उठायचे. मी स्वतः दोन-तीनदा पाहिलंय आणि मला त्यांचा संताप आला होता. पोरगा पुढं पास झाला, हैदराबादला नोकरीला लागला. मग फोनवर 'पोचलो', 'बरं', 'आईला देतो', एवढंच.

निवृत्तीनंतर काही उद्योग नव्हता म्हणून रामरावांनी एके दिवशी ते कुलूप काढलं. कॉम्प्युटरमध्ये ट्रक चालवायचा एक खेळ सापडला. दोन दिवस खटपट करून ट्रक जागचा हलेना, तेव्हा त्यांनी हैदराबादला फोन लावला आणि विचारलं, "सुमेध, याचा गिअर कसा टाकून राहिला तू?" तिकडून पोरगा हसला. किती वर्षांनी हसला, हे वहिनींनी मला डोळे पुसत सांगितलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता दोघं आपापल्या ट्रकमध्ये बसतात. सुमेध हैदराबादेत, हे गोरखपुरात, आणि खेळातल्या एकाच रस्त्यावर पुढेमागे दोन ट्रक. तासभर चालवतात आणि चालवता चालवता बोलतात. हापिसातलं, पाठदुखीचं, एका मुलीचंही. समोरासमोर बसून हे दोघं कधी बोलले नसते, पण दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलणं जमत होतं. त्या घरात आठवड्यातून तोच एक तास होता.

आणि तोच तास बिघडायला लागला. वीसेक मिनिटं झाली की रामरावांचा ट्रक भर रस्त्यात थिजायचा. चित्र थांबायचं, आवाज जायचा. चार-पाच मिनिटांनी गाडी परत सुरू व्हायची, रामराव 'मशीन अडली' एवढंच सांगायचे, तोवर बोलण्याचा धागा तुटलेला असायचा. सुमेधचं बोलणंही कमी कमी होत चाललं. एका रविवारी तो तोडून म्हणाला, "बाबा, प्रोसेसर बदलून घ्या. नाही तर हे जमणार नाही आपलं."

जमणार नाही म्हणजे काय, हे विचारायची रामरावांना हिंमत झाली नाही. ते मला घेऊन बाजारात चिरागच्या दुकानी गेले. चिराग कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पोरगा सरळ आहे. तो म्हणाला, "अंकल, प्रोसेसर मतलब मशीन का दिमाग. आपका बूढ़ा हो गया है. नए वाले इस बोर्ड पे बैठेंगे नहीं. इसी पीढ़ी का एक तगड़ा वाला मेरे पास पुराना पड़ा है, वो बैठ जाएगा. बोलो तो लगा दूँ?"

कुठलाही बाप हो म्हणाला असता. रामराव म्हणाले, "पहले जाँच करूँगा."

"काहून जी?" मी रस्त्यातच भडकलो. "पोरगा म्हणतो बदला, दुकानदार म्हणतो बदला. तुम्हाला अजून काय पाहिजे?"

"अण्णा, त्यानं मशीन पाहिलीच नाही न् बूढ़ा म्हणून मोकळा झाला," रामराव म्हणाले. "असं कोणाला रद्द करत नसतात." बूढ़ा हा शब्द त्यांना बराच लागला होता असं मला वाटलं.

मग रजिस्टर निघालं. किती मिनिटांनी ट्रक थांबला, खोलीत किती तापमान, पंखा सुरू की बंद, सगळं रकान्यांत. तीन रविवार गेले. त्यातून निघालं ते एवढंच की मशीन थंड असली की चालते आणि तापली की अडते. म्हणजे दोष गरमीचा, आणि गरमी का होते ते उघडल्याशिवाय दिसणार नाही.

आणि इथं माझा संयम संपला, कारण रामराव ती उघडेनात. पेटीच्या स्क्रूवर, जिथून मशीन घेतली त्या दुकानाचं कागदी सील होतं. वॉरंटी संपून सात वर्षं झालेली, दुकान बंद होऊन तिथं मोमोवाला बसलेला. पण सील ज्यानं लावलं त्यानंच तोडायचं, हा कारखान्याचा कायदा. मी म्हटलं, मोमोवाल्याला बोलवून आणतो. ते हसले नाहीत. दोन दिवस विचार करून त्यांनी वाट काढली. सील लावणारा उरला नसेल तर मालकाची लेखी परवानगी चालते. मालक सुमेध. त्याला मेसेज गेला. त्यानं अंगठा पाठवला. रामरावांनी उलट लिहिलं, "अंगठा चालत नाही, लिहून दे." अर्ध्या तासानं उत्तर आलं, "परवानगी आहे, बाबा."

त्या दुपारी रामरावांनी ब्लेडनं सील कापलं आणि झाकण काढलं. मी बॅटरी धरून उभा होतो. आत सगळं पिवळं-लाल. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या फटी हळदकुंकवानं बुजलेल्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा थर, आणि पात्याशी अक्षता अडकलेल्या.

इंदिरावहिनी मागून वाकून पाहत होत्या. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा त्या करतात. शिलाई मशीन, स्कूटर, रामरावांची जुनी मापं, आणि घरात आला त्या वर्षापासून हा कॉम्प्युटर. पेटीच्या डोक्यावर जाळी आहे. जाळीवर वाहिलेलं हळदकुंकू आत गडप व्हायचं, फरशीवर काही सांडायचं नाही, म्हणून त्यांना ती पूजा फार आवडायची.

"कुलपात होता तेव्हाही?" रामरावांनी विचारलं.

"तेव्हाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ड्यूटीवर गेले की कुलूप काढून करत होती मी. पोराची वस्तू होती ना."

जुना दाढीचा ब्रश घेऊन रामराव संध्याकाळपर्यंत एकेक फट साफ करत बसले. निघालेली हळद त्यांनी कागदावर घेतली आणि तुळशीत टाकली. चिरागनं येऊन प्रोसेसरवर गरमी खेचून घेणारा नवा लेप लावून दिला आणि पाकळ्या पाहून बराच वेळ हसला.

रविवारी नऊला मी मुद्दाम जाऊन बसलो. ट्रक निघाले. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास उलटला. गाडी एकदाही अडली नाही. हेडफोननं कान दुखतात म्हणून रामराव आवाज स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"सुमेध, प्रोसेसर निर्दोष आहे," रामराव निकाल द्यावा तसे म्हणाले. "गरमीनं अडत होता. नवा घ्यायचं काम नाही."

तिकडच्या इंजिनाचा आवाज उतरला.

"म्हणजे खरंच मशीनच थांबत होती?" सुमेधनं विचारलं.

"मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटायचं तुम्ही उठून गेले. मी काही सांगायला लागलो की तुमची गाडी थांबायची, आवाज जायचा. पहले ताटावरून उठून जायचे ना, तसंच वाटायचं. म्हणून म्हटलं प्रोसेसर बदला. बदलल्यावरही थांबली असती, तर समजून घेतलं असतं मी."

रामरावांचे हात कीबोर्डवरच्या, ट्रक वळवायच्या कळांवर तसेच होते. "मग तू काय करून राहायचा तेव्हा?"

"थांबायचो. तुमच्या मागं गाडी लावून. लाइट चालू ठेवून."

मला तिथं बसवेना. मी उठलो, पण रामराव उठले नाहीत. मी दारातून वळून पाहिलं तर ते खुर्ची आणखी पुढे ओढून घेत होते. "त्या मुलीचं सांगत होता तू," ते म्हणाले, "ते सांग पहिल्यापासून."

सोमवारी सकाळी चहाला गेलो तर चिराग पेटी उघडून बसलेला, हातात तो तगडा प्रोसेसर. मला काही समजेना. महिनाभर डोकं खाऊन, रजिस्टर भरून जो तुकडा पास केला, तोच हा माणूस काढून टाकत होता. मी म्हटलं, "रामराव, अहो, तो चांगला होता ना?"

"चांगलाच आहे."

"मग?"

"एकदा जरी अडला ना अण्णा, तरी त्याला वाटेल मी उठलो."

जुना प्रोसेसर त्यांनी पुसून, कापसात गुंडाळून आपल्या मापांच्या पेटीत ठेवला. मग रजिस्टर ओढलं. निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'पास'. त्याच्यापुढे, 'बदलला'. चौतीस वर्षांत चांगला तुकडा बदलल्याची ही त्यांची पहिलीच नोंद असावी, कारण शेवटच्या रकान्यापाशी, जिथं कारण लिहायचं असतं, तिथं पेन बराच वेळ थांबला. शेवटी सुट्टीच्या अर्जात लिहितात तसं त्यांनी लिहिलं, 'घरगुती', आणि खाली सही केली.