बायकांच्या गाडीमागं साळूबाई

साळूबाई कवठे महांकाळकडच्या कोरड्या माळावरची. पाय फुटले तशी ती मेंढरांमागं चालली. नवरा गेल्यावर साताऱ्याकडं आप्पासो इनामदारांच्या घरी चाकरीला लागली, तिथं मेण्यामागं चालली. आता पन्नाशी उलटल्यावर मोटारीमागं चालत होती. एवढ्या चालण्यात गुडघे तेवढे झिजले.

मोटार बायकांसाठीच केलेली. पुण्याच्या विकणाऱ्यानं आप्पासोंच्या गळी उतरवली होती, "खास जनान्याची गाडी, सरकार. पायरी बुटकी, गाद्या मखमली, कुंकवाच्या करंड्याला खण आणि वर इवला आरसा!" इनामदारांच्या घरी गोषा. आप्पासोंनी चारी बाजूंच्या काचांना जांभळे पडदे लावले आणि ड्रायव्हर केरबापुढचा आरसा काढून टाकला. बायकांची तोंडं त्याला दिसायला नकोत. बायकांनी त्याच्याशी बोलायचंही नाही. काय असेल ते साळूबाईनं सांगायचं.

सपाटीला हे खपून जाई. पण उन्हाळ्यात पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागे. लांबडी गाडी वळणावर एका दमात वळायची नाही. मागं घ्यावी लागे, आणि मागचं केरबाला काडीचं दिसत नसे. मग सपाटीला केरबाशेजारी बसणाऱ्या साळूबाईनं उतरायचं, घाटभर मागं चालायचं, वळणावर "येऊ दे, येऊ दे" करत मागं उभं राहायचं आणि कड जवळ आली की चाकाखाली दगड सारायचा.

"मावशे, किती वळणं झाली गं?" केरबानं विचारलं.

"तू मोज, लेका. मी गुडघं मोजतीया."

यंदा तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पाचगणीला पोचलं की आप्पासोंचे पाय धरायचे. सरकार, दुसरी बघा, मला जात्यावर बसवा. दळण जड असलं तरी बसून असतं.

पाचव्या वळणावर ती दगडासाठी वाकली आणि गुडघ्यानं दगा दिला. बसली ती बसलीच. ओरडायला तोंडात दम नव्हता. गाडी मागं येतच होती.

"केरबा, थांब! साळू पडलीया!"

ब्रेक करकचला. चाक लुगड्याच्या काठाला टेकून राहिलं. मागचा पडदा बाजूला सरला होता आणि काचेआड धाकट्या सुनेचं, वहिनीसाहेबांचं, पांढरंफटक तोंड होतं. केरबानं मान वळवली नाही. पडदा झटकन पडला.

आप्पासो दुसऱ्या मोटारीनं पुढं चालले होते, ते ओरडणं ऐकून उतरून आले. तोवर साळूबाई गाडीला धरून उठली होती.

"कोण वरडलं?"

आत बांगडीसुद्धा वाजली नाही. गेल्या साली थोरल्या सुनेनं केरबाला पाणी हवं का एवढंच विचारलं, तर तिला चार महिने माहेरी बसवलं होतं.

"मीच, सरकार," साळूबाई म्हणाली. "आवं, कड लागली व्हती."

आप्पासोंनी केरबाकडं बघितलं.

"व्हय सरकार, मावशीच. न्हाईतर दरीतच गेलो असतो."

"वा!" आप्पासो खूश झाले. "अशी दुसरी मिळायची न्हाई. अंगात जीव हाय तवर साळूच मागं पायजे!"

ते गेले. पाय धरायचं आता काही उरलं नव्हतं.

"साळू," पडद्याआडनं बारीक आवाज आला, "ये गं, आत बस जरा."

"नगं वहिनीसाहेब. बसले तर उठायची न्हाई."

अजून सात वळणं होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, दगड उचलून काखेत धरला.

"चल रं केरबा," ती म्हणाली. "येऊ दे."