गुणाजी भावोजींनी पाइप बदलले

रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावात गुणाजी भावोजींइतका भला माणूस नाय, आणि त्यांच्याइतका डोकं उठवणाराही नाय. त्यांची नि आमची भिंतीला भिंत, म्हणून दोन्ही गोष्टी मी अनुभवानं सांगते. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते जन्मभर पाइपलाइनवर ऑपरेटर होते. रिटायर झाले, पण कंपनी काही अंगातून गेली नाय. भाजी आणायला निघाले तरी बायकोला, सगुणाला, सांगणार, "चार्ज घे." म्हणजे काय, तर गॅसवर दूध हाय ते बघ.

त्यांच्या घरातले पाइप जुने, लोखंडी. नळ सोडला की आधी चहाच्या रंगाचं पाणी यायचं, मग करंगळीएवढी धार. सगुणाला सवय झाली होती. पण लेक रोहिणी पहिलटकरीण, आणि तिची पेणची सासू गिरजाबाई ते लाल पाणी बघून गेली. तिनं सरळ सांगितलं, "असल्या पाण्यानं माझ्या नातवंडाला न्हाऊ घालणार? बाळंतपण पेणलाच होईल." सगुणानं तर जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवलेली. माझ्याकडं येऊन ती ढसाढसा रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भावोजींनी ते मनावर घेतलं. रोह्याचा प्लंबर सुजय आला, म्हणाला, "काका, टाकीवरून नवे प्लास्टिकचे पाइप खाली आणू, एक गरम, एक गार, काम खल्लास." इतकं सोपं भावोजींना कसं चालेल? पिण्याची लाईन हिरवी, वापरायची निळी, गरम पाण्याची लाल. मागच्या भिंतीवर व्हॉल्व्हची रांग, प्रत्येकाला पत्र्याचा नंबर. नावं लिहा म्हटलं तर म्हणाले, "प्लँटात नंबरच असतात." शिवाय मागच्या दारी, उघड्यावर, सेफ्टी शॉवर. कंपनीत अंगावर अ‍ॅसिड उडालं की माणूस ज्याच्याखाली पळतो, तो. दांडी ओढली की डोक्यावर धबधबा. मी विचारलं, "भावोजी, सगुणाच्या आमटीत अ‍ॅसिड असतं काय?" तर म्हणे, सेफ्टीत मस्करी चालत नाय. सुजयनं कपाळाला हात लावला आणि बसवून दिला.

पाणी मात्र झकास यायला लागलं. अडचण एवढीच, की भावोजींना विचारल्याशिवाय येत नसे. सगुणानं हाक मारायची, "अहो, किचन सोडा." हे मागं जाऊन व्हॉल्व्ह फिरवणार आणि ओरडून सांगणार, "किचन चालू." भांडी झाली की "किचन बंद." बाथरूम चालू असताना किचन मागितलं तर थांबायचं. सगुणा कधी काय घासते, ते मला माझ्या घरात बसून कळायला लागलं.

अशात गिरजाबाई पाणी तपासायला आल्या, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घामाघूम झालेल्या. नळाखाली हात धरून त्यांचं समाधान कुठलं व्हायला? "मी आंघोळच करते, म्हणजे कळेल," म्हणाल्या. भावोजींनी रुबाबात बाथरूम सोडलं. आतून पाण्याचा आवाज आला तशी सगुणा खुलली. तेवढ्यात भावोजींच्या ध्यानात आलं, विहीणबाईंना जेवायला मासळी नाय. सगुणा वाटणात गुंतलेली, चार्ज घ्यायला कोणी मोकळं नाय. आणि चार्ज दिल्याशिवाय प्लँट सोडायचा तर काय करायचं? सगळं बंद करायचं. जन्मभराची सवय, हात आपसूक फिरला. सगळे व्हॉल्व्ह बंद करून हा माणूस रोह्याच्या बाजारात गेला.

"विहीणबाई, पाणी गेलं," गिरजाबाईंचा आवाज आला. "माझ्या डोळ्यांत शिकेकाई गेली हाय."

मी नेमकी तिथंच बसलेली. सगुणा आणि मी मागं धावलो. बघतो तर नंबरच नंबर. एक फिरवला तर जास्वंदीला पाणी सुटलं. दुसरा फिरवला तर किचनचा नळ वाटणावर वाहायला लागला. सगुणा "गेली माझी रोहिणी पेणला," एवढंच म्हणत होती. भावोजी समोर असते तर मी त्यांना काय बोलले असते देव जाणे. तोवर गिरजाबाई कसाबसा गाऊन चढवून, डोळे मिटून, भिंत चाचपत मागच्या दारी आल्या. मी पुढचा-मागचा विचार केला नाय. त्यांना धरलं, सेफ्टी शॉवरखाली उभं केलं आणि दांडी ओढली. त्या शॉवरची लाईन थेट टाकीवरून, मधे व्हॉल्व्ह नाय.

गिरजाबाई आधी किंचाळल्या. मग डोळे धुतले. मग म्हणाल्या, "दांडी सोडू नको गो."

भावोजी परतले तेव्हा विहीणबाई धबधब्याखाली निवांत उभ्या. मासळीची पिशवी टाकून ते धावले. "अ‍ॅसिड कुठं उडालं?"

गिरजाबाईंनी केस पुसले, चहा घेतला आणि निकाल दिला. "पाणी एक नंबर हाय. आमच्याकडं पेणला पण असलं नाय. पोरगी इथंच बाळंत होईल." सगुणानं पदर तोंडाला लावला. "पण बाळाला न्हाऊ घालताना ह्यांची परवानगी कोण मागत बसणार? रोहिणी इथं आली की व्याह्यांना मी पेणला नेते. बारशाला परत पाठवीन."

भावोजींचा चेहरा एवढासा झाला. सगळं लेकीसाठीच केलेलं ना त्यांनी. माझ्या पण मनाला लागलं. त्यांनी सगुणाकडं बघितलं. ती कधीच फोनवर होती, "ये गो बाय, घरी ये," म्हणत रडत होती. ते बघून भावोजींनी मान डोलावली. मग म्हणाले, "विहीणबाई, तुमच्याकडचे पाइप लोखंडी हायत काय?"

"पान्हा इथंच ठेवून यायचा," गिरजाबाई म्हणाल्या.

भावोजी तो ठेवूनच गेले, मी स्वतः बघितलं. पण पेणच्या बाजारात काय पान्हे मिळत नायत?