काचनळीत पाणी दिसत नव्हतं तेव्हा

देवरावजी थूल यांची माझी ओळख पवनारजवळच्या एका तेल कारखान्यात झाली. ते विद्युत विभागाचे प्रमुख होते, मी नुकतीच रुजू झालेली कनिष्ठ अभियंता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, बॉयलरले भेता का?" मी ऐटीत "नाही" म्हटलं. ते हसले नाहीत. "मी भेतो," म्हणाले.

महिनाही झाला नव्हता. मे महिन्यातली दुपार होती. शेडमध्ये वेल्डिंग चाललं होतं आणि व्होल्टेज सारखं खालीवर होत होतं. दिवे क्षणभर मंदावले, पुन्हा उजळले. आम्ही कामाला लागलो. देवरावजी मात्र बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या यंत्रासमोर उभे राहिले. आकडा जराही हलत नव्हता. आतलं पाणी थेट दिसतं त्या बॉयलरच्या काचनळीपाशी ते धावत गेले. नळीत पाणी दिसत नव्हतं! व्होल्टेजच्या झटक्यानं यंत्र जुन्याच आकड्यावर अडकलं होतं, आणि पाण्याचा पंप, धोक्याची घंटा, दोन्ही त्याच्याच भरवशावर होते.

पाणी कमी आहे, तर पाणी सोडावं, एवढंच मला सुचलं. पंपाच्या बटणावर बोट ठेवलं, तोच ते ओरडले, "पाणी नोको सोडू, पोरी! हात काढ!"

कोरड्या, तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं असतं, तर बॉयलर फुटला असता. शेडमध्ये आम्ही बारा जण होतो.

त्यांनी आग बंद करवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि सर्वांत शेवटी स्वतः आले. बॉयलर निवेपर्यंत आम्ही कडुलिंबाखाली बसलो. आतून लोखंडाचा आवाज आला की सगळे दचकत. देवरावजीही दचकत. त्यांनी ते लपवलं नाही.

"मीच बटण दाबणार होते, साहेब."

"नाई दाबलं ना? पाणी पे."

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "इतके दिवस चाललंच ना?" देवरावजी म्हणाले, "चाललं, म्हणूनच भेव वाटून राह्यलं, शेठजी. यंत्राले वेगळी लाईन, स्टॅबिलायझर, यूपीएस आन् चांगलं अर्थिंग पाहिजे. घंटाही वेगळी पाहिजे. तोवर मी बॉयलर चालू करू देत नाई. मले काढून टाका." कुणी बॉयलर चालू करू नये म्हणून तीन दिवस ते त्याच्या पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले. चौथ्या दिवशी सामान आलं.

माझ्या चुकीबद्दल त्यांनी कुणाजवळही चकार शब्द काढला नाही. आज ती मीच सांगते आहे.

देवरावजींना आता पंच्याहत्तरावं वर्ष लागलं. दुपारी वीज जाऊन पंखा थांबला की ते अजूनही झोपेतून दचकून उठतात. परवा त्यांच्या पत्नी, शांताकाकू म्हणाल्या, "घरी बॉयलर नाई म्हणावं, आता तरी बिनघोर झोपा."

देवरावजींना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. आणि काकू म्हणतात तशी झोपही लागो.