अकरा पानं, शून्य पिशव्या

आमच्या रक्तपेढीत ताई बावीस वर्षं तंत्रज्ञ. दुर्मीळ गटाचं रक्त कुठे शिल्लक आहे हे पाहायला त्या रोज सकाळी अकरा रक्तपेढ्यांची वेबपानं एकेक करून उघडायच्या आणि आकडे फळ्यावर लिहायच्या. त्यातच तास जायचा. एकदा शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या पेढीतली पिशवी दुसऱ्याच कुणी नेली. ऑपरेशनसाठी आलेली एक बाई दोन दिवस ताटकळली. ते ताईंच्या मनाला लागलं.

त्यांची नणंद प्रोग्रॅमर. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, पानं आपोआप आणणारं एक तयार मॉड्यूल टाका, चार ओळींत काम होईल."

"टाकू कुठे?"

"इन्स्टॉल करा हो."

पण आमच्या संगणकावर नवीन काही बसवायला बंदी. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, "तपासणी मशीनच्या रिपोर्टसाठी पायथन ही प्रोग्रॅमची भाषा बसवलीय, तेवढंच. बाकी काही मागू नका."

हे कळल्यावर नणंद हसली. "मग पानं आणायची सोय त्यातच आहे की. युआरएललिब म्हणतात तिला. बाहेरून काही आणायला नको."

ताईंनी तिने सांगितलेल्या ओळी कागदावर उतरवल्या आणि एका बोटाने टाइप केल्या. पहिल्याच पानाने प्रवेश नाकारला.

"ब्राउझरमध्ये तर उघडतंय," ताई चक्रावल्या. "मग मलाच का हाकलतात?"

"प्रोग्रॅम स्वतःचं नाव पायथन सांगतो. ते ऐकून काही वेबसाइट दार लावतात. तुमच्या पेढीचं नाव पाठवा."

नाव पाठवलं, दार उघडलं. पण आत मराठीऐवजी उलट्या तिरप्या रेघा, एक्स आणि आकड्यांची रांग. ताई माझ्याकडे वळल्या. "हे रक्तगट आहेत की गाड्यांचे नंबर?"

मला तरी काय कळणार! ते नुसते बाइट्स, म्हणजे संगणकाचे कच्चे आकडे आहेत, त्यांची अक्षरं आपण करून घ्यायची असतात, हे समजायला दोन दिवस आणि नणंदेचे तीन फोन लागले.

मग एका सकाळी अकराही पानं अर्ध्या मिनिटात आली. नेमकं त्याच दिवशी एका बाळंतिणीसाठी दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. एका पेढीच्या पानावर दोन पिशव्या दिसत होत्या. ताईंनी लगेच फोन लावला.

"त्या परवाच गेल्या," तिकडून उत्तर आलं. "पान बदलायचं राहिलंय."

ताई खुर्चीत मागे टेकल्या. एवढा खटाटोप करून आपण आणलं तरी काय, हेच त्यांना उमगेना. पण पानं उघडण्यात जाणारा तास आज हाती शिल्लक होता, म्हणून त्यांनी उरलेल्या पेढ्यांनाही फोन केले. सातव्या पेढीच्या पानावर शून्य होतं. तिथला माणूस म्हणाला, "थांबा, एक आहे. सकाळीच तपासून झाली."

दुपारी पिशवी आली, बाळंतीण सावरली. दुसऱ्या दिवसापासून ताईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, पानाचा एक आणि फोनचा एक. साहेबांनी विचारलं, "यातलं खरं कोणतं धरायचं?"

"मला अजून नीट कळलेलं नाही," ताई म्हणाल्या आणि फोन उचलला.