विद्येची शप्पथ

तुम्हाला सांगते आहे, ते पहिल्यांदाच सांगते आहे. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं, मुलीला अजून ठाऊक नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना कुणीतरी भाषणात म्हणालं, "बाईंना मुलांच्या मनातलं कळायचं" — तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, विनय. विनय कसला!

सुरुवात कुठून करू? खोलीपासून करते. खोलीबद्दल बोलणं सोपं आहे.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. नागपुरात, कामठी रोडच्या अलीकडे, पहिली ते चौथीची एक शाळा. सरकारने तेव्हा काही प्राथमिक शाळांना बालमार्गदर्शनासाठी अनुदान दिलं होतं. म्हणजे नेमकं काय, ते आमच्या हेडमास्तरांनाही उमगलं नव्हतं. जे मूल गप्प गप्प राहतं, मारामाऱ्या करतं, वर्गात रडतं, त्याच्याशी कुणीतरी निवांत बसून बोलायचं — एवढंच मला कळलं होतं. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन मी त्या जागेवर लागले. सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. जागा अनुदानावरची होती, अनुदान एका वर्षाचं. साहेब येऊन तपासणार, त्यांना पटलं तर पुढचं वर्ष मिळणार, नाही तर खोलीला कुलूप आणि मी घरी.

ती खोली म्हणजे सुकडीची पोती ठेवायची जागा. मधल्या सुट्टीत पोरांना सुकडी वाटायचे ना, ती. पोती हलवली, भिंतींना चुना मी स्वतः मारला, चिंध्यांच्या चार बाहुल्या शिवल्या, एका पेटीत रेती भरली. सुकडीचा गोड वास मात्र हटला नाही. मला तर वाटतं, निम्मी पोरं त्या वासासाठीच यायची. तिथं शिकवायचं नाही, फक्त बोलायचं, म्हणून पोरी तिला 'गोठीची खोली' म्हणायच्या. माझी फार लाडकी होती ती खोली, खरंच.

सुजाता तिसरीत होती. वडील कामठीला मागावर कामाला. आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेतलेली, आणि नातीचं नाव त्यांनीच ठेवलेलं — हे ती ऐटीत सांगायची. बोलकी पोर. ती डिसेंबरात एकाएकी मुकी झाली. वर्गाच्या बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं.

पंधरा दिवस ती नुसती येऊन बसायची. एका बाहुलीची वेणी घालायची, सोडायची, परत घालायची. मीही काही विचारलं नाही. स्वतःचं एवढं एक बरं मी सांगून घेते — मला वाट पाहता यायची.

मग एक दिवस वेणी घालता घालता ती म्हणाली, "बाई, माही आई भिवापूरले नाही गेली."

वस्तीत सगळ्यांना तेच माहीत होतं. तिची आई भावाकडे भिवापूरला गेली आहे, मिरच्या तोडायला. हंगामच होता, कितीतरी बाया जायच्या. कुणाला शंका येणार?

"पागलखान्यात हाय ते. बाबा रविवारी भेटाले जाते. मले नाही नेत." आणि लगेच घाबरून, "कोणाले सांगू नका हां बाई. बाबानं सांगतलं, बोलशील तं सारे तुले पागलीची पोरगी म्हणतीन."

मी गळ्याला चिमटा घेतला. म्हटलं, "आईशप्पथ, नाही सांगणार."

तिनं माझा हात धरला. "आईची नका घेऊ. विद्येची घ्या."

"काहून वं?"

"आई आधीच बिमार हाय ना."

पोरांचे कायदे तुम्हाला आठवतात का? आईची शप्पथ मोडली तर आई मरते, विद्येची मोडली तर विद्या जाते. ज्यानं घ्यायला लावली, त्यानं तीन वेळा 'सुटली' म्हटलं, तरच माणूस मोकळं होतं. तिनं दप्तरातून पाटी काढली. मी ती कपाळाला लावली आणि विद्येची शप्पथ घेतली. तिनं जरा विचार केला आणि मला बजावलं, "तुमची विद्या गेली तं आमाले कोण शिकवन? पाहा बरं."

मी हसले. हो, हसले.

दुसऱ्या दिवसापासून तिचं तोंड उघडलं. आई संध्याकाळी कशी हाक मारायची, आईनं रागावून कोंबडी कशी हाकलली, सगळं सगळं. एकदा विचारलं, "बाई, तिथं वेणी घालून देते का कोणी?" मी म्हटलं, देतात ना. मला काय माहीत होतं? पण ते खोटं मी धरत नाही. तेवढं माफ असावं.

फेब्रुवारीत साहेब आले, जीपमधून. माणूस वाईट नव्हता, उलट फार अदबीनं बोलायचा. हेडमास्तरांच्या खोलीत माझी फाईल चाळून म्हणाले, "मुलं येतात, खेळतात, बोलतात. बरं आहे. पण फरक काय पडला? एखादं उदाहरण सांगा." मी सुरू केलं, एक मुलगी आहे... ते हसले. "असं तर कुणाचंही सांगता येतं, बाई."

प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, मुलाचं नाव सांगायचं नाही. विसरले होते का मी? नाही. मी नाव सांगितलं. नाव, इयत्ता, वडील कामठीला, आई कुठं आहे ते, आणि भिवापूरचं खोटं कसं उघडकीला आणलं ते — हो, 'उघडकीला आणलं' असंच म्हणाले मी. शाळेची आया गंगाबाई तेव्हा कपांत चहा ओतत होती. ती सुजाताच्याच वस्तीतली. ती मला दिसत होती. तरी मी थांबले नाही. का? कारण साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं आणि ऐकता ऐकता म्हणाले होते, "वा!" तो 'वा' मला आवडला होता. दुसरं कारण शोधायला गेले तर सापडेलही, पण खरं हेच आहे.

चार दिवसांत पटांगणात पोरं ओरडायला लागली. "पागलीची पोरगी, पागलीची पोरगी." मी मनातल्या मनात गंगाबाईला खूप शिव्या दिल्या.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं.

पुढच्या आठवड्यात सुजाताचे वडील आले. खाडा करून आले असणार. केसांत मागावरचा कापूस तसाच. चपला बाहेर काढून ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, हाताशी सुजाता.

"बाई, आमच्या घरची गोठ शाळेत कशी आली? मी तं कोणापाशी बोललो नाही. माह्या मायलेबी सांगतलं नाही."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर — जाऊ दे. बाहेर व्हरांड्यात हेडमास्तर घुटमळत होते. मंजुरीचं पत्र अजून यायचं होतं, आणि ही तक्रार वर गेली असती तर ते कधीच आलं नसतं. मी म्हणाले... शब्दन् शब्द आठवतो आहे मला, "लहान पोर आहे हो. तीच बोलून गेली असेल कुठं मैत्रिणीपाशी."

इतक्या सहज! शहरातल्या महाल भागातला कुणी कारकून बाप समोर असता, आमच्यापैकी कुणी, तर माझी जीभ इतकी सहज वळली असती का? उत्तर मला माहीत आहे. ते तेव्हाही माहीत होतं.

त्यांनी पोरीकडे पाहिलं. मारलं नाही, रागावलेही नाहीत. "मी तुले सांगतलं होतं ना वं, बेटा," एवढंच.

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. तिनं एकट्या मला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणालाच नाही. एका वाक्याचं काम होतं. तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बाबा. चुकलं माह्यं."

आणि मी ते होऊ दिलं.

पत्र आलं, मार्चमध्ये. पुढेही काही वर्षं येत राहिलं. खोली टिकली, मी टिकले, पुष्कळ मुलं आली-गेली आणि काहींचं भलंही झालं असेल. सुजाताची आई पावसाळ्यात घरी परतली, हे मला गंगाबाईनं सांगितलं. मी भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? चौथी झाल्यावर सुजाता दुसऱ्या शाळेत गेली. त्या खोलीत तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

दारापर्यंत मात्र एकदा आली होती. तेच सांगायचं राहिलं आहे. मघापासून मी तेच टाळते आहे.

वडील येऊन गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मधली सुट्टी होती. मी बाहुल्या आवरत होते. मान वर केली तर ती उंबऱ्याबाहेर उभी, पाटी छातीशी धरून.

"बाई, मी सुटली म्हटलं."

मला कळलंच नाही. "काय सुटली?"

"शप्पथ. कालच म्हटलं, तीन डाव. आता तुमची विद्या नाही जाणार."

आणि ती तिथंच उभी राहिली. आठ वर्षांची पोर. कशासाठी थांबली होती, ते मला कळत होतं. माझ्याकडून एकच शब्द हवा होता तिला, तो मला येतही होता. व्हरांड्यात हेडमास्तर कुणाशी तरी पत्राबद्दल बोलत होते.

"बरं," मी म्हटलं. "जा आता वर्गात. घंटा होईल."

ती गेली.